पेढी, दवाखाना आणि बदलते कायदे

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा शब्दांकित मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी थोर विद्वानांनी आपल्या क्षेत्राचा इतिहास, मूर्तिकला आणि स्वाध्यायाची परंपरा यांवर विवेचन केले. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे, याची मला जाणीव आहे. तथापि विश्वस्तांनी तो हेतुपुरस्सर निवडला असे मी मानतो. आपल्या समाजातील कित्येक घरांत आज तळमजल्यावर वडिलांची पेढी आणि माडीवर मुलाचा किंवा सुनेचा दवाखाना आहे. एकाच छपराखाली दोन व्यवसाय, दोन प्रकारचे परवाने आणि दोन प्रकारच्या चिंता. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या दोन्ही व्यवसायांचे कायदे इतक्या वेगाने बदलले की कालचा जाणकार आज अनभिज्ञ ठरावा. त्या सर्वांचा आढावा घेणे एका तासात शक्य नाही. ज्यांचा आपल्या जिल्ह्याशी आणि आपल्या ट्रस्टच्या निर्णयांशी प्रत्यक्ष संबंध आहे, तेवढेच बोलेन.

प्रारंभ दुकानाच्या पाटीपासून करतो. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या शहराच्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना निघाली. त्यास दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळले. तेव्हापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : जुन्या खरेदीखतावर, परवान्यावर, बँकेच्या तारणपत्रावर ‘उस्मानाबाद’ आहे, ते कागद बाद झाले काय? मुळीच नाही. गावाचे नाव बदलल्याने करार मोडत नाही, मालकी हलत नाही आणि नोंदणी क्रमांकही तोच राहतो. नूतनीकरणाच्या वेळी पत्ता दुरुस्त करून घ्यावा, इतकेच. मात्र एकाच वर्षाच्या कागदांत निम्मी बिले जुन्या नावाची आणि निम्मी नव्या नावाची, असा घोळ ठेवू नये. तपासणीस बसलेल्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्यास तेवढे निमित्त पुरते.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. मोंढ्यातील आडतदारास त्यातील ज्या बदलाने सर्वाधिक छळले तो १८ जुलै २०२२ चा. तत्पूर्वी डाळी, ज्वारी, गहू, तांदूळ यांवर केवळ नोंदणीकृत नाममुद्रा असेल तरच कर होता. त्या दिवसापासून आधीच बांधलेल्या आणि छापील माहिती असलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर ५ टक्के कर लागला. त्याहून मोठे पोते किंवा ग्राहकासमोर मापून दिलेला सुटा माल मोकळा राहिला. परिणाम असा की बाजारात २६ आणि ३० किलोंचे कट्टे दिसू लागले. कायद्याची रेषा जिथे आखली जाते, तिच्या पलीकडे एक पाऊल टाकून उभे राहण्याची कला आपल्या व्यापाऱ्यांना शिकवावी लागत नाही. यात बेकायदा काही नाही. परंतु मोठ्या कट्ट्यात पाच-पाच किलोंच्या छापील पिशव्या भरून ‘हा एकच नग’ असे म्हणणे टिकणारे नव्हे, हे ध्यानी असावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे टप्पे कमी झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे दर बहुतांशी संपले आणि ५, १८ व निवडक वस्तूंसाठी ४० असे दर उरले. औषधांवरील कर सर्वसाधारणपणे १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि काही जीवरक्षक औषधे पूर्णतः करमुक्त झाली. औषधविक्रेत्या बांधवांची अडचण अशी होती की फळीवरील माल जुन्या छापील किमतीचा आणि विक्री नव्या दराने. शासनाने जुना माल परत बोलावण्याची सक्ती केली नाही. मात्र सुधारित किंमतपत्रक दुकानात उपलब्ध ठेवून ग्राहकास नव्या दराचाच आकार लावणे बंधनकारक केले. त्याच दिवसापासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा यांच्या हप्त्यांवरील कर रद्द झाला. कुटुंबाचा एकत्रित विमाही त्यात येतो. समूहाने घेतलेला विमा मात्र येत नाही. आपल्यापैकी काही मंडळांनी समाजबांधवांसाठी सामूहिक आरोग्यविम्याची चर्चा चालवली आहे. हिशेब मांडताना हा फरक विसरल्यास योजना कागदावर स्वस्त आणि प्रत्यक्षात महाग ठरेल.

आता ज्या तरतुदीने पेढीवरील जुन्या रीतीलाच हात घातला तिच्याकडे वळतो. ती ४५ दिवसांची तरतूद.

आपला व्यापार उधारीवर उभा आहे, आणि ही गोष्ट लाजेची नाही. आपल्या जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराचे आणि तेथून गाड्यांमधून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचे वर्णन आहे. इतक्या लांबचा व्यापार परस्परांच्या शब्दावाचून चालला असेल, असे मला वाटत नाही. आपल्या आजोबांच्या खतावणीतही दिवाळी ते दिवाळी अशीच खाती चालत. आजचा कायदा मात्र दिवाळी पाहत नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि लेखी करार नसला तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत, असे तो सांगतो. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. पण ही तरतूद बरीच वर्षे कागदावर राहिली, कारण आपल्याच गिऱ्हाइकावर दावा कोण लावणार? २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३ब मध्ये एक नवा खंड घातला आणि चित्र पालटले. मुदतीत न दिलेली रक्कम आता प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून मिळते. १ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम ठेवलेली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपण १० फेब्रुवारीस उद्यम नोंदणी असलेल्या एका लहान डाळमिलकडून चार लाखांची तूरडाळ घेतली. लेखी करार नाही. मुदत २५ फेब्रुवारीस संपली. आपण मार्चअखेर उलटू दिली आणि ५ एप्रिलला पैसे दिले. डाळ विकली गेली, विक्रीचे उत्पन्न धरले गेले, पण खरेदीचे चार लाख त्या वर्षी खर्चात धरता येणार नाहीत. म्हणजे न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागेल. वजावट पुढील वर्षी मिळेल. याउलट तेच पैसे मुदत टळल्यावर परंतु ३१ मार्चपूर्वी दिले तर आयकराची अडचण येत नाही; व्याजाचा दावा तेवढा उरतो. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस येणी-देणी काढून बसावे, आणि विक्रेत्याच्या बिलावर उद्यम क्रमांक आहे काय आणि तो उत्पादक आहे की व्यापारी, हे पाहून ठेवावे.

उत्पादक की व्यापारी, हा भेद मी मुद्दाम सांगितला. २ जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते खरी, पण केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जासाठी. उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचे संरक्षण त्यांना नाही. आता आपल्या मोंढ्यातील आडतदाराची अवस्था पाहा. बाजार समितीच्या नियमाप्रमाणे शेतकऱ्याच्या मालाची पट्टी त्याच दिवशी चुकती करायची, आणि ती करायलाच हवी, कारण तो बापडा वर्षाचे पीक घेऊन दारात आलेला असतो. लहान मिलवाल्यास १५ किंवा ४५ दिवसांत द्यायचे. आणि परजिल्ह्यातील मोठ्या कारखानदाराने आडतदाराचे सोयाबीनचे पैसे तीन महिने अडकवले, तर आडतदारासाठी कोणतीही मुदत नाही. त्याने दिवाणी दावा लावावा. दोन्ही हातांनी द्यायचे आणि घेताना हात बांधलेले. कायद्याचा उद्देश स्तुत्य आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु साखळीतील मधल्या दुव्याला त्याने उघड्यावर सोडले आहे, हेही तितकेच खरे. व्यापारी महासंघांनी ही गोष्ट सनदशीर मार्गाने सातत्याने मांडली पाहिजे. तूर्त आपल्या हाती एकच उपाय आहे : विक्रीच्या वेळी मुदत आणि व्याजाचा दर बिलावर छापणे आणि खरेदीदाराची सही घेणे. ओळखीच्या माणसाकडे सही मागणे संकोचाचे वाटते, पण वाद न्यायालयात गेल्यावर ओळख साक्षीला उभी राहत नाही.

नोकरांविषयी थोडक्यात. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना देण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ही रेषा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि त्यांनुसार प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देणे आले. तीस-तीस वर्षे एका पेढीवर काढलेल्या मुनीमजींच्या हाती एक चिठोरेही नसते. त्यांच्या निवृत्तीच्या वेळी उपदानाचा प्रश्न निघाला की दोन्ही घरांत कटुता येते. मराठी पाटीची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाली. आपल्याकडे तिची अडचण कुणास नव्हतीच.

मिठाईच्या व्यवसायात असलेल्या बांधवांसाठी आनंदाची एक गोष्ट. कुंथलगिरीच्या खव्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. भूम परिसरातील दुधाचे आणि भट्टीवर तासन्‌तास उभे राहणाऱ्या हातांचे ते श्रेय. परंतु मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येकास ते नाव वापरता आले, असा गैरसमज पसरला आहे. ज्यास ते चिन्ह आपल्या मालावर लावायचे असेल त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करून घ्यावयाची असते, आणि खवा त्या भौगोलिक मर्यादेतील व त्या पद्धतीचा असावा लागतो. शेजारच्या राज्यातून शीतपेटीत आलेला खवा ‘कुंथलगिरी’ म्हणून विकणे हा ग्राहकाशी तर द्रोह आहेच, शिवाय ते सिद्धक्षेत्राच्या नावाशी केलेले वर्तन आहे. सुट्या मिठाईच्या परातीवर ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ असे लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून आवश्यक आहे. पेढ्यावर तारीख घालायला आपल्याकडे अनेकांना अजून जड जाते. यात्रेच्या दिवसांत तर गर्दीपुढे कुणाचाच इलाज चालत नाही, असे सांगितले जाते. पण पोट बिघडलेल्या यात्रेकरूला ते सांगून काय उपयोग?

आता माडीवरच्या दवाखान्यात येऊ.

धाराशिव हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, तरी भूम, परंडा, वाशी, कळंब येथील रुग्णाचा पहिला आधार दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय हाच असतो. ते बंद झाले तर रात्रीच्या वेळी सोलापूर किंवा लातूर किंवा बार्शी. म्हणून आरोग्यसेवेवरील प्रत्येक नव्या नियमाकडे दोन प्रश्न घेऊन पाहावे, असे मला वाटते : याने रुग्णाचे हित साधते काय, आणि लहान गावातील डॉक्टर तो पाळून टिकेल काय.

केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो आणि आपल्या जिल्ह्यात त्याची नोंदणी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात होते. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत मोठी सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दर दर्शनी भागात लावणे, तपशीलवार बिल देणे, बिल थकले म्हणून मृतदेह अडवून न ठेवणे, तक्रारीची सोय ठेवणे या गोष्टी त्यात आल्या. यांतील एकही गोष्ट सज्जन डॉक्टरला जाचक वाटू नये. खरी अडचण जागेच्या आणि प्रशिक्षित परिचारिकांच्या निकषांची आहे. परंड्यासारख्या गावी पात्र परिचारिका मिळत नाही; मिळाली तर दोन वर्षांत पुण्यास जाते. मोठ्या शहराचे माप लहान गावाला लावल्याने कागदावर परिचारिका दिसते आणि खाटेजवळ दिसत नाही. नियम करणाऱ्यांनी याचा विचार केला पाहिजे, आणि डॉक्टर संघटनांनी तो खोट्या नोंदी न करता करवून घेतला पाहिजे.

जैविक कचऱ्याचे २०१६ चे नियम मात्र मला निःसंकोचपणे मान्य आहेत. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी विभागणी. अशुद्ध कचरा ४८ तासांपेक्षा अधिक न साठवणे. सामूहिक प्रक्रिया केंद्राकडेच तो सोपवणे. एका सुईने सफाई कामगारास आजार जडला तर त्या हिंसेचा वाटा कोणाचा, हा प्रश्न आपल्या समाजास तरी समजावून सांगावा लागू नये. येथे ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट विशेषत्वाने सांगतो. खाट नसलेला साधा दवाखानाही या नियमांत येतो. त्यास एकदाच प्राधिकारपत्र घ्यावे लागते. आणि रक्तदान, लसीकरण, शस्त्रक्रिया यांची शिबिरेही येतात. महावीर जयंतीला आपण उत्साहाने रक्तदान शिबिर घेतो. संध्याकाळी मंडप उतरवताना वापरलेले साहित्य कोणाच्या ताब्यात जाते, याची लेखी पोच संयोजकांनी घेतली पाहिजे.

रुग्ण आणि ग्राहक यांच्या नात्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण ट्रस्टपुढे असलेल्या एका प्रस्तावाशी त्याचा निकट संबंध आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. २०१९ च्या नव्या कायद्यात ‘आरोग्यसेवा’ हा शब्द नाही, म्हणून डॉक्टर सुटले असा युक्तिवाद झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमान्य केला. आता तक्रारदार स्वतःच्या गावच्या जिल्हा आयोगापुढे तक्रार करू शकतो. म्हणजे पुण्यात उपचार घेतलेल्या कळंबच्या रुग्णास पुण्यास खेटे घालावे लागत नाहीत, आणि उलट इथल्या डॉक्टरला परगावच्या आयोगापुढे जावे लागू शकते.

शांता निकालातील एक बारकावा आपल्या औषधालयाच्या दृष्टीने कळीचा आहे. जेथे सर्वच रुग्णांस सेवा विनामूल्य दिली जाते, तेथे ग्राहक कायदा लागत नाही. नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतले, तरी ही स्थिती बदलत नाही. परंतु जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तेथे मोफत उपचार घेणाराही ग्राहकच ठरतो. आपल्या औषधालयात आजवर केस पेपरचे किरकोळ पैसे घेतले जातात आणि बाकी सेवा मोफत आहे. आता काही विश्वस्तांचा असा प्रस्ताव आहे की ऐपत असलेल्यांकडून तपासणी शुल्क घ्यावे, त्यातून क्ष-किरण यंत्र आणि दहा खाटा उभ्या कराव्यात. प्रस्तावास माझा विरोध नाही. उलट जुन्या वैद्यांची पुडी आणि सलाइनची बाटली यांवर पुढची पन्नास वर्षे निघणार नाहीत, हे मलाही दिसते. पण ज्या दिवशी पहिली शुल्कपावती फाटेल, त्या दिवसापासून ट्रस्टचे कायद्यातील स्थान बदलेल. मोफत औषध घेऊन जाणारी आजीबाईसुद्धा तक्रार करू शकेल, आणि तिला तो अधिकार असावा, असेच मी म्हणेन. विश्वस्तांनी व्यावसायिक दायित्वाचा विमा, लेखी संमतिपत्रे आणि नोंदींची व्यवस्था आधी करावी आणि मग शुल्क ठरवावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. आज आपल्या औषधालयाच्या वह्या कोणत्या कपाटात आहेत, हे व्यवस्थापकांनाच विचारावे लागते.

खाटा आल्या की आणखी एक गोष्ट येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक. शासनाची जमीन, अनुदान किंवा करसवलत लाभलेले आणि वार्षिक खर्च पाच लाखांवर असलेले धर्मादाय रुग्णालय असेल, तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते आणि तातडीच्या रुग्णास अनामत न मागता दाखल करून घ्यावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गर्भवती महिलेकडे अनामत रक्कम मागितल्याच्या आरोपावरून जो क्षोभ उसळला, तो आपण वृत्तपत्रांत वाचला आहे. दहा खाटांत एक आणि एक, असा आपला हिशेब होईल. भार मोठा नाही. पण त्या दोन खाटांवर कोण झोपले, याची नोंद ठेवावी लागेल, आणि समाजातील कुणाच्या शिफारशीवरून त्या भरल्या जाणार नाहीत, हे आधीच ठरवावे लागेल.

फौजदारी बाजू. डॉक्टरच्या साध्या चुकीला गुन्हा म्हणता येणार नाही, निष्काळजीपणा घोर असला पाहिजे, हे जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा पाच वर्षांची झाली; नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने उपचार करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांची आहे. परंतु त्या कलमातील स्पष्टीकरण वाचावे. दोन वर्षांची ही मर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पदवी आणि नोंदणी असलेल्यांसाठी आहे. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या आपल्या डॉक्टर बांधवांचा, परिचारिकांचा आणि औषधे देणाऱ्या सेवकांचा त्यात शब्दशः समावेश नाही. ग्रामीण भागाची आरोग्यसेवा ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांच्यासाठी शिक्षा अधिक, ही विसंगती मला तरी न्याय्य वाटत नाही. दुसरीकडे, डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांसाठी राज्याचा २०१० चा कायदा आहे : तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. गुन्हा अजामीनपात्र आहे. तरीही तडजोडीचा दबाव इतका येतो की अनेक डॉक्टर तक्रार नोंदवतच नाहीत.

आणखी एका नाजूक विषयास स्पर्श करणे मला कर्तव्य वाटते. आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरीवर सप्टेंबर १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये सल्लेखनेस आत्महत्या ठरवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. तो धार्मिक आचरणाचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा येथे मी करणार नाही. परंतु अतिदक्षता विभागात, बरे होण्याची आशा नसताना यंत्रांच्या आधारे ठेवलेल्या वृद्धाच्या बाबतीत कुटुंबे गोंधळतात आणि डॉक्टरही घाबरतात. त्यासाठी वेगळा, स्पष्ट कायदेशीर मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलेले वैद्यकीय इच्छापत्र २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सुलभ झाले. सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने, दोन साक्षीदारांसमक्ष आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करावे. पुढे रुग्णालयातील प्राथमिक आणि दुय्यम वैद्यकीय मंडळांच्या संमतीने कृत्रिम आधार थांबवता येतो. त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवण्याची तरतूद आहे. सल्लेखनेशी याची गल्लत करू नये. दोन्हींना एकच समजून घरात झालेले वाद मी पाहिले आहेत, आणि ज्याच्यासाठी वाद चालला तो मात्र बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

शेवटी ट्रस्टच्या हिशेबातील एक मुद्दा आणि मग प्रश्न घेतो. आपल्याकडे गुप्तदानाची थोर परंपरा आहे. देणाऱ्याचे नाव न सांगणे हेच त्या दानाचे भूषण. आयकर कायदा निनावी देणगीकडे संशयाने पाहतो. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्यावरील निनावी देणग्यांवर ३० टक्के कर आहे. पूर्णतः धार्मिक संस्थेस त्यातून सूट आहे. आपल्यासारख्या धार्मिक-नि-धर्मादाय संस्थेसही आहे, पण रुग्णालय किंवा शिक्षणसंस्था यांसाठी म्हणून दिलेल्या निनावी देणगीस नाही. २०२५ च्या नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात मिश्र संस्थांची ही सूट गळाली होती. निवड समितीच्या शिफारशीनंतर ती परत आली. म्हणून मंदिराच्या भांडारात पडलेले गुप्तदान आणि ‘दवाखान्यासाठी’ असे लिहिलेल्या पेटीतील गुप्तदान यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. गेल्या पर्युषणात औषधालयाच्या दारात जी नवी पेटी ठेवली गेली, तिच्यावरील अक्षरे पाहूनच मी हा मुद्दा टिपून ठेवला. त्या पेटीत नाव लिहून देण्याच्या चिठ्ठ्या ठेवाव्यात. ज्यांना नाव प्रकट करायचे नसेल त्यांचे नाव सूचनाफलकावर लावू नये, केवळ पावतीपुस्तकात असावे. संस्थेची आयकर नोंदणी, जिची पहिली पाच वर्षांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत होती, तिच्या नूतनीकरणाची प्रत विश्वस्तांनी आजच फाइलमधून काढून पाहावी. पाच कोटींच्या आतील उत्पन्नाच्या संस्थांना आता दहा वर्षांची मुदत मिळू शकते.

प्रश्न लिहून दिले असतील तर ते आधी घेऊ. दवाखान्याच्या प्रस्तावाविषयी ज्यांना बोलायचे आहे त्यांनी खजिनदारांजवळील तीन वर्षांचा खर्चाचा तक्ता पाहून घ्यावा. तो मागच्या टेबलावर ठेवला आहे.